बढती झाली आणि डबा सुटला

"मॅडम, प्रमोशन झाल्यापासून ऑफिसात माझ्याशी कोणी धड बोलून नाही राहिलं."

नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडून ऐकत असते. बोलणारी बहुतेक मिहानमध्ये आयटीत असलेली, पंचविशी ओलांडलेली मुलं-मुली. काल ज्यांच्यासोबत बसून बॉसच्या नकला केल्या त्यांनाच आज कामं वाटायची, त्यांच्या सुट्ट्या मंजूर करायच्या आणि वर्षाअखेर त्यांना रेटिंगही द्यायचं. नागपुरात याला आणखी एक पदर असतो. टीममधला सीनियर बहुधा तुमच्याच कॉलेजचा निघतो, नाहीतर शेजारच्या लेआउटमधला. त्याच्या आईची तुमच्या आईशी हळदीकुंकवाची ओळख असते. ऑफिसात बिनसलेलं ऑफिसात राहत नाही.

अशीच एक केस सांगते. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला प्राची म्हणू.

प्राची अठ्ठावीस वर्षांची. वडील एसटीत होते, घरात कंपनीत नोकरी करणारी ही पहिलीच. एप्रिलच्या अप्रेझलमध्ये ती आठ जणांच्या टीमची लीड झाली. पावसाळ्यात माझ्याकडे आली तेव्हा पर्समध्ये पित्ताच्या गोळ्यांची पट्टी होती, झोप उडालेली होती आणि "मी लीडरशिपवाली नाहीच" असा निकाल तिने स्वतःच लावून टाकला होता. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार होता, फक्त पाठवायचा बाकी.

पहिल्या भेटीत मी खाण्यापिण्याबद्दल विचारतेच. मन कसं आहे विचारलं तर माणूस "ठीक आहे" म्हणून मोकळा होतो. काल दुपारी काय खाल्लं, किती वाजता, कोणासोबत, हे विचारलं की अख्खा दिवस उलगडतो. प्राचीचा दिवस असा: सकाळी नुसता चहा. दुपारचं जेवण साडेतीन-चारला, डेस्कवरच, एका कॉलमधून दुसऱ्या कॉलमध्ये शिरताना. सातला कॉफी, नऊला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल, आणि साडेअकराला ऑनलाइन मागवलेलं काहीतरी. बहुतेक वेळा सावजी. रात्री साडेअकराला सावजी रस्सा खाऊन आडवं झाल्यावर पित्ताने दुसरं काय करावं!

"आणि आधी?" मी विचारलं.

आधी पाच जणांचा डबा होता. सव्वा वाजला की कॅन्टीनच्या खिडकीजवळचं टेबल ठरलेलं. प्राचीच्या आईची पाटोडी असली की रस्सा दुसऱ्या डब्यात वेगळा यायचा, म्हणजे वड्या विरघळायच्या नाहीत. थंडीत कोथिंबीर स्वस्त झाली की टीममधल्या सीनियरची आई सांबारवडी करून द्यायची. हा सीनियर प्राचीपेक्षा चार वर्षांनी मोठा. ती त्याला पहिल्या दिवसापासून दादा म्हणते, कोडिंगही त्याच्याच शेजारी बसून शिकली. वडीचे तुकडे दादा चमच्यानेच करायचा, आतलं खोबरं-खसखशीचं सारण सांडायचं, आणि ते बोटाने टिपून खायचा मान टीममधल्या सगळ्यात नवीन पोराचा. हे सांगताना प्राची पहिल्यांदा हसली.

लीडच्या जागेसाठी नाव दादाचंही होतं.

मग पुढचं कळलं. डबा सुटला तशी प्राचीने शुक्रवारची पार्टी सुरू केली. सकाळी सगळ्यांना बर्डीवरून तर्री पोहे, कधी दुपारी पिझ्झा, सॉफ्टवेअरची रिलीज झाली की सावजी मटण. सगळं स्वतःच्या खिशातून. "खर्चाचं काही नाही मॅडम, पण लोकं येतात, खातात, थँक्यू म्हणतात अन् जागेवर जाऊन बसतात." एका शुक्रवारी दादाने प्लेट हातात घेतली नाही. म्हणाला, "आजपासून शुक्रवार धरले." चार वर्षांत त्याने साधी चतुर्थी कधी केली नव्हती! प्राची हे नक्कल करून सांगत होती, आणि सांगता सांगता तिचा आवाज भरून आला.

मी विचारलं, "पार्टी कशाची आहे?"

"प्रमोशनची."

"चार महिने?"

ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसली. मग म्हणाली, "मला वाटते, मी त्याची जागा घेतली."

माझ्या मते केस इथेच होती. ही पार्टी नव्हतीच, दंड होता. वर गेल्याबद्दल प्राची दर शुक्रवारी तो भरत होती, आणि टीमला तो स्वीकारणं अवघड जात होतं, कारण तिने काही गुन्हा केला आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. (दादाला वाटत होतं का, ते पुढे.) नवे लीड हे फार वेळा करतात. कोणी खाऊ घालतं, कोणी मागेल ती सुट्टी देतं, कोणी सगळ्यांची राहिलेली कामं रात्री स्वतःच उरकतं. लोकांनी आपल्याला माफ करावं एवढीच धडपड असते. माफी मागणाऱ्या माणसाकडून कामाचा निर्णय कोण ऐकेल?

दुसरी गोष्ट करिअरची. काल प्राचीचा दिवस मोजता यायचा: इतके बग बंद केले, इतकं कोड चेक-इन केलं. लीडच्या दिवसात हातात धरता येईल असं काहीच उरत नाही. एकाला समजावलं, दुसऱ्याचं अडलेलं सोडवलं, क्लायंटला थोपवून धरलं. संध्याकाळी वाटतं, आज मी केलं काय? मग हात सवयीने जुन्या कामाकडे जातात. प्राची रात्री क्लायंट कॉलनंतर टीमचं कोड उघडून दुरुस्त करत बसायची. पदाचं नाव बदलून कार्ड हातात देतात, पण आता काम काय आहे हे शिकवायची तसदी कंपन्या क्वचितच घेतात. याबद्दल माझा राग जुना आहे, तो इथे आवरते.

भुकेचंही सांगायला हवं. आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण ऊर्जा खातो 20 टक्क्यांच्या आसपास. सकाळपासून चहावर असलेल्या माणसाने दुपारी साडेतीनला कोणाच्या चुकीवर शांतपणे बोलावं ही अपेक्षा जरा जास्तच. मी प्राचीला तिचे पाठवलेले मेल वेळेनुसार बघायला सांगितले. ज्यांचा नंतर पश्चात्ताप झाला ते जवळजवळ सगळे तीन ते चारमधले होते, जेवणाच्या आधीचे. कॉफीचंही तसंच. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी 5 तास लागतात. सातची कॉफी रात्री बाराला निम्मी शिल्लक असते, आणि ही म्हणते झोप येत नाही.

तपासणी म्हणून पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले तर नैराश्याचा विचार नीट करावा लागतो. प्राची त्याच्या जरा खाली होती. पित्तासाठी तिला डॉक्टरकडे पाठवलं. आठवड्यानुआठवडे कशातच मन लागत नसेल, वजन उतरत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डबा आणि प्रमोशन बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा. 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. 2022 पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

तिला पहिला सल्ला दिला तो शुक्रवार बंद करण्याचा. "कंजूष म्हणतील ना!" म्हणू देत. दुसरा, सव्वा ते पावणेदोन कॅलेंडरवर जेवण म्हणून अडवायचा. या दोन्ही गोष्टी तिने आठवड्याभरात केल्या. खरं काम होतं दादाशी बोलण्याचं.

त्याची आम्ही खोलीत तालीम केली, दादा मी झाले. प्राचीने सुरुवात केली: "दादा, माझ्यात काही बदललं नाही, मी तीच आहे." मी तिथेच थांबवलं. बदललं आहे की! त्याचं रेटिंग तू लिहिणार. खोट्याने सुरुवात झाली की समोरचा पुढचं ऐकत नाही. दुसऱ्यांदा ती दहा वाक्यं बोलली, त्यातली सात माफीची. शेवटी उरलं ते एवढं: "दादा, ही जागा तुला मिळायला हवी होती असं तुला वाटत असेल, तर मला समजते. पण ती मला मिळाली आहे, अन् मला ती नीट करायची आहे. तुला माझ्याकडून काय पाहिजे, ते सांग." हे जेवणाच्या टेबलावर बोलायचं नाही असंही ठरलं. बाकीच्यांच्या ताटात हा विषय कशाला?

खापरीजवळच्या चहाच्या टपरीवर ती बोलली. दादा आधी गप्प, मग म्हणाला, "जागेचं काही नाही गं. वाईट वाटलं होतं एप्रिलमध्ये, गेलं ते. पण तू रात्री माझं कोड बदलून टाकतेस अन् सकाळी पोहे चारतेस. मला काय समजायचं त्यातून?"

प्राचीला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. मला थोडंफार होतं, पण इतक्या नेमक्या शब्दांत नाही. ज्या कामाला ती मदत समजत होती, ते दादाला रोजच्या रोज मिळणारं "तुला येत नाही" असं प्रमाणपत्र वाटत होतं.

त्यानंतर रात्रीची दुरुस्ती बंद झाली. चूक दिसली तर सकाळी रिव्ह्यूमध्ये लिहायची, ज्याचं कोड त्यानेच सुधारायचं. दोनदा रिलीज उशिरा गेली, प्राचीला वरून ऐकून घ्यावं लागलं, आणि तिने ते टीमवर न ढकलता ऐकून घेतलं. मला विचाराल तर तिची लीडरशिप त्या दोन रिलीजपासून सुरू झाली.

डब्याचं काय? एकत्र जेवण्याचं महत्त्व मी मानते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अग्निशमन केंद्रांचा अभ्यास करून 2015 मध्ये मांडलं होतं की जिथले जवान एकत्र स्वयंपाक करून जेवतात, त्या तुकड्यांची कामगिरी वरिष्ठांच्या मते उजवी असते. एकत्र जेवल्याने काम सुधारतं की मुळात जमणारी माणसंच एकत्र जेवतात, हे त्यावरून ठरवता येत नाही. पण त्या जवानांना कोणी जेवू घालत नाही. ते आपापले पैसे काढतात, आपल्या हाताने रांधतात. प्राचीच्या शुक्रवारात नेमकं हेच नव्हतं.

ती आता आठवड्यातून दोनदा खिडकीजवळच्या टेबलावर बसते, घरचा डबा घेऊन, आणि तिथे कामाचं बोलत नाही. बाकीचे दिवस मुद्दाम दुसरीकडे जेवते. हे मीच सुचवलं. टीमला लीडबद्दल कुरकुर करायला एक जागा लागते, आणि लीड रोज तिथे येऊन बसली तर ती बिचारी मंडळी जातील कुठे? प्राचीला हे पटायला जड गेलं. अजूनही कधी पलीकडून हसू ऐकू आलं की "माझ्यावरच हसून राहिले असतील" असं तिला वाटतं. कधी कधी खरंच तिच्यावर हसत असतील. राजीनाम्याचा मेल तिने काढून टाकलेला नाही, पण त्याबद्दल ती आता बोलत नाही.

दादाला माणसं सांभाळण्यापेक्षा तांत्रिक बाजूने वर जायचं आहे. ते त्याने तिला स्वतःहून सांगितलं, आणि तिने मॅनेजरकडे त्याचं नाव लावून धरलं आहे. सध्या प्राचीला घोर आहे तो अप्रेझलचा. दादाची दोन कामं या वर्षी खरोखर कच्ची झाली आहेत, आणि ते तिला लेखी द्यायचं आहे. "नाही लिहिलं तर?" तिने विचारलं. मी म्हटलं, मसुदा घेऊन ये, वाचू.