वाचकांचे प्रश्न : देखणी लहान मोटारसायकल गेली कुठे?

प्रश्न : अनेक वर्षे मी मोठ्या इंजिनाची मोटारसायकल चालवली. आता तिचे वजन पेलवत नाही, म्हणून अडीचशे ते चारशे सीसीची, रस्त्यावर रोज चालवता येईल अशी हलकी गाडी घेण्याचा विचार आहे. परंतु या वर्गातील गाड्या पाहिल्या की त्या एक तर शर्यतीच्या गाडीचे सोंग घेऊन उभ्या असतात, नाही तर कामावर जाण्याचे निव्वळ साधन वाटतात. कोणीतरी मन लावून रेखाटलेली लहान गाडी इतकी दुर्मीळ का असावी?

उत्तर : आपल्या तक्रारीत तथ्य आहे आणि तिचे मूळ बरेचसे हिशेबाच्या वहीत सापडते. इंजिन लहान केले की धातू कमी लागतो हे खरे. पण हेडलाइटच्या काचेचा साचा, टाकीचे दोन अर्धे भाग दाबून घडवणारे डाय, धुराच्या चाचण्या आणि त्यांची प्रमाणपत्रे यांचा खर्च इंजिनाच्या प्रमाणात लहान होत नाही. हजार सीसीच्या गाडीच्या किमतीत हा खर्च सहज विरून जातो, तर तीनशे सीसीच्या गाडीला तोच नाकापेक्षा मोती जड होतो. मग काटकसर अशा ठिकाणी केली जाते, जिथे ती माहितीपत्रकात दिसत नाही. अश्वशक्ती आकड्यात छापता येते, रंगीत पडद्याचे छायाचित्र देता येते; टाकीच्या कडेपासून सीटपर्यंत वाहत जाणारी रेषा मात्र कोणत्याही तक्त्यात बसत नाही, आणि म्हणून तिच्यावर पहिली कुऱ्हाड पडते.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. लहान गाडीकडे बहुतेक कंपन्या पायरी म्हणून पाहतात. युरोपात तर कायद्यानेच पायऱ्या बांधल्या आहेत. तेथे २०१३ पासून लागू असलेल्या परवान्यांत ए-१ वर्गाला १२५ सीसी व ११ किलोवॉट, तर ए-२ वर्गाला ३५ किलोवॉट अशी मर्यादा आहे, आणि त्यापुढे मोकळे रान. पायरीवर कोणी बैठक मांडत नाही, ती ओलांडायची असते. तेव्हा दोन वर्षांत विकून टाकल्या जाणाऱ्या गाडीवर नक्षीकाम कोणी करावे? तिचे रूप पुढच्या मोठ्या गाडीची जाहिरात करण्यापुरते ठेवले जाते. लहान गाडी मोठ्या भावाचा कोट घालून उभी राहते आणि बाह्या हातांच्या खाली लोंबत राहतात, त्या यामुळे.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर अशा एखाद्या गाडीशेजारी उकिडवे बसावे आणि टाकीखाली डोकावावे. एका सिलिंडरचे इंजिन उभे आणि अरुंद असते, त्यामुळे टाकी व इंजिन यांच्या मध्ये, तसेच इंजिनाच्या पुढे मागे बरीच मोकळी जागा उरते आणि गाडीच्या आरपार उजेड दिसतो. हा उजेड ‘गाडी लहान आहे’ असे ओरडून सांगतो, अशी विक्री विभागाची समजूत असावी. कारण तो बुजवण्यासाठी टाकीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची मोठी पाखे लावली जातात. माझ्या ओळखीच्या एका गाडीचे असे पाखे एकदा उतरवले. तीन स्क्रू आणि दोन रबरी खुंट्या निघाल्यावर ते हातात आले, आणि आत हात घातला तर मनगटाच्याही पुढे जाईल एवढी नुसती पोकळी होती. हवा वळवण्यासाठी तेथे काहीही नव्हते. परत बसवताना एक खुंटी तुटली, ती गोष्ट वेगळी. पुढे ते पाखे प्रत्येक खड्ड्यात खडखडत राहिले आणि जी गाडी तोवर नुसती बेढब होती ती बोलकीही झाली.

प्रश्न : जुन्या लहान मोटारसायकली अधिक देखण्या होत्या, असे मला ठामपणे वाटते. हा केवळ आठवणींचा खेळ आहे काय?

उत्तर : थोडा आहे. कुरूप गाड्या भंगारात जातात आणि देखण्या जपल्या जातात, त्यामुळे जुन्या काळातून आपल्यापर्यंत पोहोचलेला नमुना आधीच चाळून आलेला असतो. तरीही आपले मत मी खोडून काढणार नाही, कारण काही देशांत आणि काही काळात लहान गाडी ही पायरी नसून मुक्काम होती, आणि त्या काळातल्या गाड्यांवर त्याची खूण दिसते.

जपानचे उदाहरण घ्या. तेथे १९७५ मध्ये परवान्याचे नियम बदलले आणि मधल्या वर्गाची सीमा ४०० सीसीवर आखली गेली. त्याहून मोठी गाडी चालवण्यासाठीची परीक्षा इतकी अवघड होती की असंख्य चालकांचे मोटारसायकलीवरील सारे आयुष्य चारशेच्या आतच गेले. होंडाची सीबी ४०० फोर त्याच सुमाराची. तिचे इंजिन मूळचे ४०८ सीसीचे होते आणि या सीमेत बसवण्यासाठी जपानपुरते ते ३९८ सीसीवर आणावे लागले. तिच्या चार सिलिंडरांतून निघणाऱ्या चार नळ्या एकाच अंगाला वळून, एकमेकींना समांतर राहून, खाली एका सायलेन्सरमध्ये मिळतात. त्या नळ्यांवर ना पत्रा, ना प्लास्टिक. त्या वळणाचे छायाचित्र पाहिलेला माणूस ती गाडी किती सीसीची, असे आधी विचारत नाही. पुढे १९९२ मध्ये आलेली सीबी ४०० सुपर फोर त्याच परवान्याच्या आश्रयाने तब्बल तीस वर्षे टिकली आणि २०२२ मध्ये धुराच्या कडक नियमांपुढे थांबली. यामाहाची एसआर ४०० त्याहून दीर्घायुषी ठरली. १९७८ ते २०२१ एवढ्या काळात तिचे रूप जवळपास बदललेच नाही आणि अखेरपर्यंत ती किक मारूनच सुरू करावी लागे. तिच्या इंजिनाभोवतीची मोकळी जागा कोणी बुजवली नाही. अठरा इंची अरुंद चाके, सडपातळ टाकी आणि हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरावरचे पंख यांच्यामधून दिसणारा उजेड हा तिच्या रचनेचाच भाग वाटतो.

इटलीतील गोष्ट याहून गमतीची आहे, आणि ती मी वर मांडलेल्या मताला थोडी अडचणीतही आणते. तेथील सोळा वर्षांच्या मुलाला १२५ सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येई, म्हणून कंपन्यांनी आपली सारी हौस १२५ सीसीतच फेडून घेतली. काजिवाच्या मीतो या टू-स्ट्रोक गाडीला १९९४ मध्ये डुकाटी ९१६ चे रूप देण्यात आले. म्हणजे हेही मोठ्या गाडीचे सोंगच. पण ते ओशाळवाणे वाटत नाही, कारण ज्या मास्सिमो ताम्बुरिनी यांच्या हातून ९१६ उतरली त्यांचीच दृष्टी या धाकट्या गाडीला लाभली आणि तिच्याखालची चौकटही खरोखर शर्यतीच्या तोडीची, जाड ॲल्युमिनियमची होती. सोंग आणायचे तर ते असे अंगभर आणावे. वरून फेअरिंग, म्हणजे शर्यतीच्या गाडीसारखे बाह्य आवरण, आणि खाली नळीची साधी चौकट असली की डोळा पहिल्याच फेरीत फसवणूक पकडतो.

टू-स्ट्रोक गाड्या गेल्या त्या धुराच्या नियमांमुळे, हे सर्वश्रुत आहे. त्या नियमांचा फोर-स्ट्रोक गाड्यांच्या रूपावर झालेला परिणाम मात्र कमी बोलला जातो. युरोपात २०२० पासून नव्या गाड्यांना लागू झालेल्या युरो ५ मानकासाठी धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक गरम राहावे लागते, म्हणून ते इंजिनाजवळ बसवतात, आणि त्यामुळे पोटाखाली एक डबा लटकतो. मोठ्या इंजिनाच्या पसाऱ्यात तो लपून जातो, पण एका सिलिंडरच्या बारीक इंजिनाखाली तो जेवणाच्या डब्यासारखा दिसतो. यात कंपनीला दोष देणे अन्यायाचे होईल.

प्रश्न : मागील अंकात आपण एका वाचकाला ‘चारशे सीसीखालील गाडी शिकण्यापुरती ठीक आहे’ असे उत्तर दिले होते. मी वीस वर्षे अडीचशेच चालवतो आणि मला दुसरे काही नको आहे. अशा उत्तरांमुळेच कंपन्या आमच्याकडे लक्ष देत नाहीत, असे वाटते.

उत्तर : आपले म्हणणे मान्य. ते वाक्य घाईत लिहिले गेले, आणि वर ज्या पायरीच्या समजुतीवर मी टीका केली तीच त्यात होती. गाडीचा अर्धाअधिक आनंद ती वळणात टाकण्यात असतो, आणि दीडशे किलोच्या आतली गाडी तिथे जे करू देते ते सव्वादोनशे किलोच्या गाडीला जमत नाही.

प्रश्न : सध्याच्या काळात आपल्या मते देखण्या म्हणाव्यात अशा लहान गाड्या कोणत्या?

उत्तर : मोजक्या आहेत, पण आहेत. हुस्क्वार्नाच्या स्वार्तपिलेन ४०१ आणि वितपिलेन ४०१ या जोडीचा उल्लेख मी सर्वांत आधी करीन. मिलानच्या प्रदर्शनात २०१४ मध्ये त्यांचे नमुने मांडले गेले आणि २०१८ मध्ये त्या रस्त्यावर आल्या. त्यांचे इंजिन केटीएमच्या ३९० ड्यूकचेच, ३७३ सीसीचे होते. म्हणजे यांत्रिक भागांचा खर्च आधीच भागलेला होता आणि उरलेले बळ रूपावर लावता आले. माझ्या मते देखणी लहान गाडी बनवण्याचा आजच्या काळात परवडणारा मार्ग हाच आहे. टाकीवरून सीटकडे जाणारा सपाट पट्टा आणि शेपटीकडील आखूड शेवट यांत कुठेही मोठ्या गाडीची नक्कल नव्हती. टाकीत साडेनऊ लिटरच पेट्रोल मावे, आणि वितपिलेनचे खाली बसवलेले हँडल तासाभरात मनगटे दुखवी, हेही सांगितले पाहिजे. २०२४ च्या आवृत्तीत टाकी मोठी झाली, हँडल उंच झाले आणि गाडी रोजच्या वापराला पुष्कळच सोयीची झाली. तिच्या जुन्या तोऱ्यातले काही त्यात गेले, असे माझे मत आहे. माझ्या मनगटांचे मत वेगळे आहे.

होंडाची सीबी ३०० आर ही २०१८ ची गाडी तिच्या थोरल्या सीबी १००० आर च्या धर्तीवर रेखाटलेली आहे, आणि तरीही ती उसनी वाटत नाही. गोल दिवा, आखूड शेपूट आणि सुमारे १४५ किलो वजन या तिन्ही गोष्टी तीनशेच्या गाडीला थोरलीपेक्षाही अधिक शोभतात. ट्रायम्फची स्पीड ४०० ही २०२३ मध्ये आली. तिचे इंजिन पाण्याने थंड होते, तरी सिलिंडरावर पंख ठेवले आहेत. काही जाणकार याला ढोंग म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण उघड्या गाडीत इंजिन हाच चेहरा असतो आणि गुळगुळीत धातूच्या ठोकळ्यावर नजर ठरत नाही.

एक काळजी मात्र आहे. ‘लहान’ या शब्दाची व्याख्याच हळूहळू वर सरकत आहे. कावासाकीची निन्जा २५० ची ३०० झाली, २०१८ मध्ये ४०० झाली आणि २०२४ मध्ये ४५१ सीसीचे इंजिन घेऊन ५०० या नावाने आली. ३९० ड्यूकही ३७३ वरून ३९९ सीसीवर गेली. लक्ष आणि पैसा वरच्या टोकाकडे गेला की खालच्या अडीचशेच्या खोलीत उरतात त्या काटकसरीच्या गाड्या. होंडाच्या १९९७ च्या व्हीटीआर २५० मध्ये व्ही आकाराचे दोन सिलिंडर आणि बाहेरून दिसणारी नळ्यांची जाळीदार चौकट होती. अडीचशे सीसीसाठी इतके कष्ट आज घेणारा कोणी दिसला तर मी ती गाडी न चालवताच तिची शिफारस करीन.

प्रश्न : माझ्याकडे असलेली साधी अडीचशे सीसीची गाडी थोड्या बदलांनी देखणी करता येईल काय? इंजिनाला हात लावायचा नाही.

उत्तर : येईल, आणि शक्यतो काढून टाकण्यापासून सुरुवात करावी. पाखे स्वतंत्र बसवलेले असतील तर ते उतरवून आठवडाभर गाडी तशीच पाहावी. मात्र रेडिएटरकडे हवा नेणारा भाग त्यात असेल तर तो जागेवर राहू द्यावा. नंबरप्लेटचा लांब दांडा आखूड केल्याने मागची बाजू लगेच सुटसुटीत होते, पण परावर्तक, दिशादर्शक दिवे आणि प्लेटवरचा दिवा कायम ठेवावा, आणि सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टायर प्लेटला घासत नाही ना, हे दोन माणसे बसवून तपासावे. सायलेन्सर बदलण्याच्या फंदात पडू नये, कारण उत्प्रेरक गेला की गाडी नियमात बसत नाही आणि आवाजाने शेजारी जातात ते वेगळेच. रुंद टायर हा तर सर्वांत मोठा मोह आहे. मागे दहा मिलिमीटर रुंद टायर चढवला की तो अरुंद रिमवर चिमटला जातो, त्याचा माथा अधिक गोल होतो, गाडी वळणात जड वाटू लागते आणि काही गाड्यांत तो चेनच्या आवरणालाही घासतो. रिमला सांगितलेल्या मापातलाच चांगल्या प्रतीचा टायर घ्यावा आणि वाचलेले पैसे सीटच्या शिलाईवर लावावेत. चालवताना दिवसभर नजरेखाली टाकी असते आणि अंगाखाली सीट, आणि या वर्गात सीटचे रेक्झीन सर्वांत आधी सुरकुतते.