किताब, कूळ आणि कागद : ब्रिटिश उमराव घराण्यांच्या वंशावळीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन (आताचे प्रभादेवी) ही नावे एकाच लॉर्डची ना? – एक वाचक, दादर

नाही. माणसे दोन, आणि त्यातले पहिले लॉर्ड नव्हतेच. १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनच्या धाकट्या मुलांपैकी. कॉलेज त्यांच्या नावाचे. किताब थोरल्या भावाकडे गेला, हे शेवटपर्यंत 'ऑनरेबल'च राहिले. त्या थोरल्या भावाचा मुलगा जॉन हा तेरावा लॉर्ड. तो १८५३ ते १८६० गव्हर्नर होता आणि स्टेशनचे नाव त्याच्यावरून पडले. म्हणजे हे काका-पुतणे.

आपल्याकडच्या लिखाणात दोघांनाही सर्रास 'लॉर्ड' केले जाते आणि वंशावळ तिथेच चुकते. बॅरनच्या (उमरावांतली सर्वांत खालची पायरी; लॉर्ड एल्फिन्स्टन याच दर्जाचे) सगळ्या मुलांना 'ऑनरेबल' लागते, तर ड्यूक आणि मार्क्वेस या सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांवरच्या उमरावांच्या धाकट्या मुलांच्या नावाआधी निव्वळ शिष्टाचार म्हणून 'लॉर्ड' येते. 'सर' हा नाइट असेल तर किताब त्याच्याबरोबर संपतो, बॅरोनेट असेल तर पुढच्या पिढीकडे जातो. म्हणून जुन्या कागदावर नावाआधी जे लिहिले असेल ते जसेच्या तसे उतरवून घ्या. त्यावरून बापाचा दर्जा कळतो.

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या वडिलांचा बाप्तिस्मा १८४२ च्या सुमारास पुणे कॅम्पात झाला. त्यांचे वडील कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. इंग्लंडमधल्या एका जमीनदार घराण्यातले, असे घरात सांगतात. त्या आडनावाची छापील वंशावळ मिळाली, पण त्यात त्यांचे नाव नाही. – एक वाचक, पुणे

छापील वंशावळ तूर्त मिटून ठेवा आणि आपल्यापासून एकेक पिढी मागे चला. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) दप्तरात आहेत. तिथे मुंबईच्या नोंदींच्या मालिकेचा क्रमांक एन/३. कंपनीच्या फौजेत कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून शिरताना मुलाला स्वतःच्या बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे, आणि ते अर्जही याच दप्तरात आहेत. हा दाखला हाती लागला की इंग्लंडमधले गाव कळले. पुढे त्या गावच्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, नोंदवह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण तितक्या जुन्या सगळीकडे टिकलेल्या नाहीत.

मग मृत्युपत्रे. माझा सर्वांत जास्त भरवसा यांच्यावर आहे. १८५८ पूर्वी दक्षिण इंग्लंडमधल्या सधन कुटुंबांची मृत्युपत्रे बहुधा कँटरबरीच्या धर्मन्यायालयात सिद्ध होत. त्यांच्या १३८४ पासूनच्या नकला लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. धाकटे मुलगे, विधवा बहिणी, हिंदुस्थानात गेलेला भाऊ, सगळे त्यात भेटतात. लग्नाबाहेरची मुले छापील वंशावळीतून गाळली जात, पण मृत्युपत्रात त्यांच्यासाठी रक्कम ठेवलेली सापडते. तुमच्या पूर्वजाची आई हिंदुस्थानी असेल तर बाप्तिस्म्याच्या नोंदीत तिचे नाव कदाचित लिहिलेलेही नसेल. अशा वेळी बापाचे मृत्युपत्र जरूर शोधा, कारण तिचा उल्लेख असलाच तर तिथे असण्याची शक्यता अधिक. हिंदुस्थानात वारलेल्या युरोपीय लोकांची मृत्युपत्रे इंडिया ऑफिसच्या दप्तरातच पाहता येतात. एका सरदार पूर्वजापेक्षा त्या बाईचे नाव मिळणे मला मोलाचे वाटते.

छापील वंशावळीवर माझा आक्षेप असा : जॉन बर्कने १८२६ साली उमरावांच्या वंशावळी छापायला घेतल्या, पुढे जमीनदारांच्याही. माहिती बरीचशी त्या त्या घराण्यानेच पुरवलेली. १०६६ च्या नॉर्मन स्वारीपर्यंत नेऊन भिडवलेल्या कित्येक पिढ्या इतिहासकार जे. होरेस राउंड यांनी दस्तऐवजांच्या आधारे खोट्या ठरवल्या. कोकेन यांचा 'कम्प्लीट पीअरेज' हा उमरावांच्या किताबांचा कोश पुष्कळ भरवशाचा, पण तो किताबधारकांपुरता. घराण्याच्या धाकट्या पात्या (शाखा) त्यात मिळणार नाहीत.

प्रश्न : लंडनच्या एका दुकानातून आमच्या आडनावाचे कुलचिन्ह आणले. ते लावावे का? – एक वाचक, वसई

भिंतीवर शोभेसाठी लावा, पुरावा म्हणून नको. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला मिळते आणि तिच्या वंशजांकडे जाते. नोंद लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये असते, स्कॉटलंडसाठी लॉर्ड लायन या तिथल्या कुलचिन्ह-अधिकाऱ्याकडे.

आडनावाचाही भरवसा नाही. १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली जन्माने 'वेस्ली'; घराण्याने स्पेलिंग १७९८ च्या सुमारास बदलले. आणि मुळात त्याचे आजोबा 'कॉली' होते. एका वेस्ली नातलगाची इस्टेट मिळाली म्हणून त्यांनी १७२८ साली ते आडनाव घेतले.

प्रश्न : आपल्यासारखा दत्तक मुलगा तिथे किताबाचा वारस होतो का? – एक वाचक, सातारा

होत नाही. साधारणपणे औरस मुलगा लागतो, तो नसेल तर मूळ किताबधारकाच्या पुरुषवंशातली पुढची पाती. काही जुन्या बॅरनी (बॅरनचे किताब) आणि काही स्कॉटिश किताब मुलींकडेही जातात. २०१६ साली स्टिचिलच्या प्रिंगल बॅरोनेट घराण्याच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनच्या वरिष्ठ न्यायमंडळाने) डीएनएचा पुरावाही ग्राह्य धरला आणि किताब दुसऱ्या पातीकडे गेला.

मुंबईत शोध घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. सर जमशेटजी जीजीभाई यांना १८५७ साली बॅरोनेटचा किताब मिळाला आणि पुढच्या प्रत्येक वारसाने तेच नाव धारण करावे असे कायद्याने ठरले. म्हणून 'सर जमशेटजी' अशी नोंद दिसली की आधी तारीख पाहा, मग ते कितवे ते ठरवा आणि त्यांचे जन्मनाव शोधा.