आजीचा घट पिवळा, आपला हिरवा

प्रिय चिऊ,

गेल्या नवरात्रात व्हिडिओ कॉलवर आजीचा घट बघून तू विचारलंस, तिचे कोंब पिवळेधमक आणि वीतभर उंच, आपले हिरवे आणि बुटके, म्हणजे आपलं काही चुकलं का? आणि देवासमोर शेत कशाला करायचं? दोन्हींची उत्तरं देते.

चुकलं काहीच नाही. आपला घट खिडकीत होता, आजीचा माजघरातल्या देव्हाऱ्यात. तिथे खिडकी नाही, उजेड काय तो समईचा. गव्हाच्या पात्याला हिरवा रंग यायला उजेड लागतो. तो मिळाला नाही की पिवळं द्रव्य तेवढं दिसतं. आणि अंधारातलं रोप उजेड शोधत नुसतं उंच वाढत जातं, दाण्यात साठवलेल्या अन्नावर. आजीच्या कोंबांची उंची ही भूक आहे म्हण ना. तेच कोंब दोन दिवस ओसरीत ठेवले तर हिरवे होतील. पण गावात पिवळेच हवे असतात. त्यांना ‘धन’ म्हणतात आणि दसऱ्याला ते टोपीत खोचतात.

आता शेत कशाला? साताऱ्याकडे घट बसतात तेव्हा मूग, घेवडा घरात आलेला असतो, बाजरी काढणीला असते, भुईमूग उपटायला झालेला असतो आणि रब्बीच्या ज्वारीची पेरणी तोंडावर किंवा सुरू असते. बियाणं उगवतंय की नाही हे वावरात टाकायच्या आधी कळलेलं बरं. ओलसर मातीत मूठभर दाणे नऊ दिवस ठेवले की ते डोळ्यांसमोर दिसतं. देवीची पूजा आहेच, पण घटाकडे बघताना म्हाताऱ्या माणसांची नजर कुठला दाणा जोमानं आलाय इकडेही असते.

यंदा तुला स्वतः करायचाय ना, मग नीट वाच. गावाकडे परडीत किंवा पत्रावळीवर स्वतःच्या वावरातली माती चाळून घालतात. काळी माती असेल तर तिच्यात बारीक शेणखत मिसळतात, नाहीतर ती वाळून भेगाळते आणि कोंब तिथेच अडकतात. आपण फूटभर रुंदीचं पसरट ताट घेऊ. दोन इंच थराला तीन-साडेतीन लिटर माती लागते. इथली पिशवीतली माती हलकी असते आणि पाणी फार धरते, म्हणून तीन वाट्या मातीला एक वाटी जाड वाळू.

धान्य सगळं मिळून शंभर ग्रॅम पुरे. त्यात निम्मे गहू, पाव ज्वारी, उरलेल्यात बाजरी, मका, मूग, उडीद, तीळ चमचा चमचा. सात धान्यं की नऊ, ही घराघराची रीत. दाणा मात्र अख्खा आणि जिवंत हवा. डाळ उगवत नाही. सुपरमार्केटातलं सोललेलं, पांढरं बार्ली उगवत नाही, पॉलिश केलेला तांदूळ तर नाहीच. बागकामाच्या दुकानातलं गुलाबी किंवा निळं दिसणारं बियाणं औषध लावलेलं असतं, त्याला हात लावू नकोस. हरभरा घालायचा तर चार-पाचच दाणे, कारण जास्त पाणी झालं की सगळ्यात आधी तोच सडतो आणि शेजारच्यांनाही नेतो.

गहू, मका, मूग आदल्या रात्री भिजत घाल. सकाळी निथळून मातीवर पसर आणि वर अर्धा इंच माती भुरभुरव. तीळ आणि बाजरी शेवटी, नुसती वरून, कारण बारीक दाणा खोल गेला तर वर येईपर्यंत त्याची शिदोरी संपते.

मधोमध पाण्याचा घट. तो साध्या भाजक्या मातीचा असला की अंगातून पाणी झिरपतं आणि भोवतालची माती आपोआप ओली राहते. दिवाळीच्या सामानात रंगवलेली, चकचकीत मडकी येतात, ती झिरपत नाहीत. कोरं मडकं पहिल्याच दिवशी पाणी पिऊन टाकतं, म्हणून ते रात्रभर बादलीत बुडवून ठेव. तांब्याचा कलश चालतो, पण मग सकाळ-संध्याकाळ हातानं पाणी शिंपडावं लागेल. घटात सुपारी, नाणं, तोंडाशी पाच विड्याची पानं, वर नारळ.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गव्हाच्या मुळाभोवती पांढरी लव दिसेल. बुरशी समजून घाबरू नकोस. ती मुळाचीच लव असते, मुळाला सगळीकडून सारखी चिकटलेली, आणि पाणी शिंपडलं की दिसेनाशी होते. बुरशी जाळ्यासारखी या दाण्यावरून त्या दाण्यावर जाते आणि कुबट वास मारते. ती दिसली तर तेवढा घास मातीसकट चमच्यानं उचलून टाक आणि एक दिवस पाणी बंद. इथे घर थंड असतं, त्यामुळे ज्वारी-बाजरी रेंगाळते. ताट हीटरच्या जवळ ठेव, वर नको. अर्धं ताट पुठ्ठ्यानं झाकलंस तर आजीचा आणि आपला, दोन्ही रंग एकाच घटात मिळतील. अखंड दिवा मात्र आपण विजेचाच लावू, रात्री झोपल्यावर ज्योत नको.

माळ रोज एक. पहिली विड्याच्या पानांची, पुढे फुलांची. गावाकडे त्या बहुतेक पिवळ्या दिसतात, कारण तेव्हा माळावर तरवड आणि शेतात कारळा फुललेला असतो, दारात झेंडू. इथे शेवंती घे. (नऊ दिवसांचे नऊ रंग वर्तमानपत्रांनी रुजवले, आजीला ते विचारू नकोस.)

या दिवसांतली खरी मजा घट बसायच्या आधीच सुरू होते. पावसाळाभर दमट झालेल्या गोधड्या ओढ्यावर निघतात. जुन्या लुगड्यांचे थर असलेली गोधडी भिजली की एका माणसाला उचलत नाही. सोड्याच्या पाण्यात मुरवायची, मग खडकावर पसरून पोरांनी तुडवायची. यासाठी कुणाला बोलवावं लागत नाही. पिळताना दोघांनी दोन टोकं धरून उलट दिशेनं पीळ द्यायचा. ऑक्टोबरचं ऊन कडक, वरचा थर दुपारपर्यंत खडखडीत होतो, पण आत ओल राहते. न उलटता घडी घातली तर महिनाभर कुबट वास.

आणि ओल्या शेंगा! वावरात शेंगा उपटल्या की तिथेच काटक्या-गोवऱ्यांच्या जाळात भाजतात. घरी उकडतात. इथे ताज्या मिळत नाहीत, पण वाळलेल्या कच्च्या शेंगा मिळतात. भाजलेल्या किंवा खारवलेल्या आणू नकोस, त्या कितीही उकडल्या तरी मऊ होत नाहीत. अर्धा किलो शेंगा तीन पाण्यांनी धू, रात्रभर भिजव, दोन चमचे मीठ घालून कुकरला सहा-सात शिट्ट्या. ताज्या असत्या तर तीनच पुरल्या असत्या. झाल्यावर लगेच निथळू नको, अर्धा तास त्याच पाण्यात राहू दे. सालातून मीठ आत जातं ते निवताना. भोंडल्याला खिरापत म्हणून याच ठेवू. वास येत नाही, त्यामुळे तुझ्या मैत्रिणींना ओळखायला जड जाईल.

दसऱ्याला घट हलला की कोंब उपटायचे. जुडी बुडाशी धर आणि मातीसकट ओढ, शेंड्याला धरलंस तर पाती तुटतात. मुळं वाटीभर पाण्यात हलवून धू, फडक्यावर कोरडी कर, मग केसात खोच, नाहीतर शाळेच्या कॉलरवर चिखल येईल. उरलेली माती मागच्या वाफ्यात टाक. नारळ मात्र मी फोडते.

तुझी,
आई