फिफ्टीने काढलेल्या चेहऱ्यात डोळे सॉफ्ट का येतात

लेन्स खराब असण्याची शक्यता कमी आहे, इतक्यात बदलायला नेऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यानुसार क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर, ५० मिमी एफ/१.८ लेन्स (हीच फिफ्टी; एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्सची उघड मोठी), माणूस साधारण एक मीटरवर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सची उघड) पूर्ण उघडं. डोळे सॉफ्ट आणि कान शार्प येतात, आणि एवढं करूनही मागची भिंत हवी तशी ब्लर होत नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी घालवायला तुम्ही अ‍ॅपर्चर उघडत गेलात आणि त्यातून पहिली ओढवून घेतलीत.

एक मीटरवर एफ/१.८ ला शार्प पट्टा मिळतो जेमतेम २.७ सेंमी, म्हणजे डोळ्याच्या पुढे-मागे प्रत्येकी सव्वा-दीड सेंमी. एफ/२.८ ला तो ४ सेंमी होतो, एफ/४ ला ६. माणसापासून दोन मीटरवर गेलात तर एफ/१.८ लाच ११ सेंमी मिळतात, आणि अर्ध्या मीटरवर गेलात तर ६-७ मिलिमीटर. हे आकडे साध्या आकाराच्या प्रिंटचे. स्क्रीनवर शंभर टक्के झूम करून बघणाऱ्याला पट्टा याहूनही बारीक वाटणार. आता चेहरा बाजूला ३० अंश वळलेला असेल तर एक डोळा दुसऱ्यापेक्षा ३ सेंमी मागे जातो. एफ/१.८ ला दोन्ही डोळे पट्ट्यात बसणारच नाहीत. अशा वेळी कॅमेऱ्याजवळचा डोळा धरायचा, लांबचा सोडून द्यायचा.

मग फोकस कानावर का जातो? बहुधा मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करून तुम्ही कॅमेरा खाली वळवून फ्रेम लावत असाल. कॅमेरा वळला की फोकसचं प्रतलही त्याच्याबरोबर फिरतं आणि डोळ्याच्या मागे पडतं. ४-५ अंश वळवलात तर एक मीटरवर फरक ३ मिमीच्या आसपास, तो खपून जातो. पण उभ्या फ्रेममध्ये डोळा वरच्या कडेजवळ नेलात तर १० अंश होतात आणि फोकस दीड सेंमी मागे जातो, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. तेव्हा डोळ्याजवळचा पॉइंट हाताने निवडा. सगळे पॉइंट चालू ठेवून निवड कॅमेऱ्यावर सोडू नका. तो सहसा जवळचं, ठळक काहीतरी पकडतो: नाक, चष्म्याची फ्रेम, कपाळावरची बट.

दुसरं कारण म्हणजे हलणं. फोकस लागल्यापासून बटण पूर्ण दाबेपर्यंत उभा माणूस एक-दोन सेंमी सहज झुलतो, तुम्हीही झुलता. एकदाच लॉक होणाऱ्या सिंगल फोकसऐवजी सतत जुळत राहणारा कंटिन्युअस लावा (कॅननमध्ये एआय सर्व्हो, निकॉनमध्ये एएफ-सी), तीन-चार फोटोंचा सलग बर्स्ट घ्या आणि शटर १/२०० च्या खाली जाऊ देऊ नका. व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका: या बॉडींचा फोकसिंग स्क्रीन एफ/१.८ चा खरा पट्टा दाखवतच नाही, प्रत्यक्षापेक्षा जास्त शार्प दिसतं. फोटो काढून डोळ्यावर झूम करून बघा.

आता भिंत. मागचं किती ब्लर होणार याचा हिशेब सोपा आहे: लेन्सच्या उघडीचा व्यास गुणिले माणसापासून पार्श्वभूमीचं अंतर, भागिले कॅमेऱ्यापासून पार्श्वभूमीचं अंतर. ५० मिमी एफ/१.८ ची उघड २८ मिमी. माणूस भिंतीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर २८ × ०.५ ÷ १.५, म्हणजे ९ मिमीच्या थोडं वर. तोच माणूस भिंतीपासून तीन मीटरवर आणा, तुम्ही त्याच्यापासून एक मीटरवरच राहा आणि एफ/४ लावा: उघड १२.५ मिमी, १२.५ × ३ ÷ ४, उत्तर पुन्हा तेच. ब्लर तेवढाच, पट्टा मात्र २.७ चा ६ सेंमी झाला. जागा असेल तिथे अ‍ॅपर्चरला हात लावण्याआधी माणसाला भिंतीपासून सोडवा. मी स्वतः एकट्या चेहऱ्यासाठी एफ/२.८ च्या खाली क्वचितच जातो.

आणि ५५-२५० मिमीची झूम लेन्स घरात पडून असेल तर ती बाहेर काढा. २५० वर एफ/५.६ ची उघड जवळपास ४५ मिमी भरते. तेवढीच फ्रेम मिळवायला माणसापासून पाच मीटरवर जावं लागतं, पण पट्टा साडेआठ सेंमी मिळतो आणि पार्श्वभूमी माणसाच्या साधारण सहा मीटर किंवा जास्त मागे असेल तर ब्लर फिफ्टीपेक्षा जास्त येतो. मैदानात, बागेत हीच लेन्स जिंकते. खोलीत तिचा उपयोग नाही.

एवढं करूनही शंका राहिली तर चाचणी घ्या. ट्रायपॉडवर कॅमेरा, एक मीटरवर छापील अक्षरांचा पुठ्ठ्याचा खोका सरळ समोर तोंड करून, आणि शेजारी ४५ अंशात तिरकी फूटपट्टी. फोकस खोक्यावरच घ्या, पट्टीवर नाही. तिरक्या पट्टीवर कॅमेरा कुठला आकडा पकडतो ते सांगता येत नाही. दर वेळी लेन्स आधी पूर्ण आउट ऑफ फोकस करून व्ह्यूफाइंडरने आठ-दहा फोटो काढा, मग तेवढेच लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यू थेट सेन्सरवरूनच फोकस बघतो, त्यामुळे आरशाखालच्या वेगळ्या फोकस सेन्सरची जुळणी त्यात आड येत नाही. पट्टीवरचा १ सेंमी म्हणजे खोलीत ०.७ सेंमी, हे वाचताना धरा. फोकस कधी पुढे कधी मागे पडत असेल तर तो ऑटोफोकसचा नेहमीचा विस्कळीतपणा समजा. लाइव्ह व्ह्यूत नेमका आणि व्ह्यूफाइंडरने दर वेळी मागेच असेल, तर जुळणीचा दोष आहे. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० मध्ये तो मेन्यूतून दुरुस्त करायची सोय नाही. बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला न्या, एकटी लेन्स नको.

भर उन्हात एफ/१.८ वापरणार असाल तर आयएसओ १०० लाही शटर १/८००० च्या आसपास लागतं, आणि १५००डी, डी३५०० सारख्या बॉडी १/४००० ला थांबतात. चेहरा पांढरा फटक येण्याचं कारण ते. सावली शोधा, नाहीतर प्रकाश कमी करणारा एनडी ८ फिल्टर लावा. मागच्या दिवाळीच्या माळांच्या दिव्यांचे ब्लर झालेले गोल हवे असतील तेव्हा मात्र अ‍ॅपर्चर पूर्ण उघडंच ठेवा. बंद करत गेलात की त्यांना पात्यांचे कोपरे फुटू लागतात, आणि पाच पात्यांच्या जुन्या फिफ्टीत तर सरळ पंचकोनच येतात.