गाडीत ऑइल जास्त झालंय?

प्रश्न : जुनी कार्ब्युरेटरची स्प्लेंडर घेतली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसतं. गाडी चालवावी का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी माप नीट घ्या. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, आणखी तीन मिनिटं थांबा. ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) पुसून भोकात नुसती टेकवा, आटे फिरवू नका. आटे आवळून किंवा साइड स्टँडवर बघितलं की माप चुकतं, निम्मा घोळ तिथलाच.

खरंच जास्त असेल तर चालवू नका. क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) ऑइल घुसळतो, फेस होतो, वंगण नीट पोचत नाही. दाबाने ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टरमध्ये जातं, सील गळू लागतात.

आता पट्टीचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला, ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं, तर कुणी जास्त ओतलेलं नाही; कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. तेव्हा नीडल बदला, सगळं ऑइल काढून नवं 10डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑइल पट्टी बघत भरा, वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद ठेवा.

वास नसेल तर मेडिकलमधून 50 मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी आणा. पट्टीच्या भोकातून ओढा, दर सिरिंजमागे माप बघा. इंजिनाखालचा ड्रेन बोल्ट सैल करून थोडंसं सोडायचा उद्योग टाळा, गरम ऑइल थेट मनगटावर येतं. शेवटी एअर फिल्टर उघडून बघा. तेलकट असेल तर बदला.