रोजच्या वापरासाठी सडपातळ आणि परवडणारा स्मार्टफोन कसा निवडावा?

१५ ते २० हजारांत सडपातळ फोन घ्यायचा असेल, तर माझ्या मते सर्वप्रथम बॅटरी पाहावी. कारण जाडी कमी करताना बहुतेकदा तिच्याच जागेला कात्री लागते आणि मग भर दुपारी चार्जर शोधण्याची वेळ येते. ५००० एमएएच क्षमता आणि साधारण ७.५ मिमी जाडी हा मेळ जमत असेल, तर तो फोन जरूर विचारात घ्यावा. अलीकडच्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या तेवढ्याच जागेत अधिक ऊर्जा साठवतात, त्यामुळे हा मेळ आता पूर्वीइतका दुर्मीळ राहिलेला नाही.

जाहिरातीतली जाडी सहसा कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून सांगितलेली असते, शिवाय वर कव्हर चढले की एक-दोन मिलिमीटर सहज वाढतात. म्हणून वजनालाही तितकेच महत्त्व द्यावे. १८० ग्रॅमच्या आसपासचा फोन शर्टाच्या खिशाला जड होत नाही. दुकानात तो एका हातात धरून अंगठा पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे कितपत पोहोचतो, हे अवश्य पाहावे.

८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज पुरेसे आहे. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे मात्र खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे, कारण याच फोनवरून आपण यूपीआयचे व्यवहार करणार आहात.