सायटेशनचा आकडा आणि हुमणीचा मेंदू

एम.एस्सी. प्राणिशास्त्र झालंय, पीएच.डी. कोल्हापुरातच करायचीय, आणि दोन गाइड डोळ्यांसमोर आहेत, असं तू लिहिलंयस. एक नॅनोकणांच्या परिणामांवर काम करतात, त्यांची सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख, काही हजार. दुसरे हुमणीच्या भुंगेऱ्याला वास कसा कळतो ते त्याच्या मेंदूत शोधतात, त्यांची जेमतेम दोनशे. मन दुसऱ्यांकडे ओढतंय, पण आकड्याची भीती वाटतेय. मी आयुष्यभर हाच विषय शिकवला, निवड समित्यांवरही बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

नॅनोकणांवर जगभर अमाप लिहिलं जातं, त्यामुळे साध्या पेपरलाही भराभर उल्लेख मिळतात. हुमणीच्या मेंदूवर लिहिणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मग उल्लेख करणार कोण? या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

कीटकांच्या मेंदूच्या अभ्यासातही आकडा फसवतो. ब्रँड आणि पेरिमन यांनी १९९३ साली ड्रोसोफिला या फळमाशीत हव्या त्या पेशींमध्ये हवं ते जनुक चालू करायची ‘गॅल-४’ पद्धत दिली. पंखावर काम करणारा असो, आतड्यावर असो की मेंदूवर, माशी वापरणारा त्या पेपरचा उल्लेख करतोच, म्हणून त्याची सायटेशन्स कित्येक हजारांत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रौढ माशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा आला, १,३९,२५५ चेतापेशींचा. काम अफाट आहे, पण लेखकांची यादीही लांबलचक, आणि एकच सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात जमा होतं.

आता अमेरिकी संशोधक रोनाल्ड कोनोप्का बघ. सीमोर बेन्झर या शास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएच.डी. करताना त्याने माशांच्या दिवस-रात्रीच्या तालात बिघाड असलेले तीन प्रकार शोधले आणि तिन्ही बिघाड एकाच जनुकात आहेत हे १९७१ साली दाखवलं. तेच ‘पीरियड’ जनुक. १९८४ मध्ये इतरांनी ते वेगळं काढलं आणि २०१७ चं नोबेल त्या वाटेवरच्या कामाला मिळालं. कोनोप्काचे पेपर मात्र थोडेच, त्यामुळे अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात त्याला कायम केलं नाही. २०१५ साली तो वारलाही. हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेल्या एच-इंडेक्सचं (किमान तितकेच उल्लेख मिळालेल्या पेपरांची संख्या) गणित असं आहे की कितीही मोठा, पण एकच पेपर लिहिलात, तर इंडेक्स १ च राहतो. समितीत बसल्यावर मला हे फार खुपायचं.

मग करायचं काय? हुमणीवाल्या सरांचे सर्वांत जास्त उल्लेख झालेले दोन-तीन पेपर घे. गूगल स्कॉलरवर त्यांचा उल्लेख करणाऱ्यांची यादी उघड आणि त्यातले काही पेपर खरंच वाच. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसलीस की दोन दुपारांत होईल. सरांचं आडनाव नेमकं कुठल्या वाक्यात येतं ते बघ. प्रस्तावनेत पाच-सहा नावांच्या घोळक्यात आलं असेल तर त्याला फार अर्थ नाही. पण पद्धतीच्या भागात ‘यांच्याप्रमाणे मिशीची (कीटकाच्या वास घेणाऱ्या अँटेनाची) तयारी केली’ असं असेल, किंवा निष्कर्षात त्यांच्या निकालाशी कोणी आपला निकाल ताडून पाहत असेल, तर असं एक वाक्य मला पन्नास घोळक्यांपेक्षा मोलाचं वाटतं. स्वतःच स्वतःचे किती उल्लेख केलेत तेही मोज. आणि आपल्याकडे पाटील किती! नुसत्या आद्याक्षरांवरून दोन-तीन पाटलांचे पेपर एकाच प्रोफाइलमध्ये शिरलेले मी पाहिलेत. प्रत्येक संशोधकाचा वेगळा असणाऱ्या ऑर्किड (ORCID) क्रमांकावरून खात्री करून घे.

आणखी एक. वळीव झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि आपले शेतकरी फांद्या हलवून ते गोळा करतात. मिशीतल्या कोणत्या चेतापेशी कोणत्या वासाला जाग्या होतात हे कळलं तर सापळ्यात काय ठेवायचं ते ठरवता येईल. त्याचा उपयोग ज्या ऊसवाल्याला होईल तो कधी पेपर लिहिणार नाही. या कामाचा आकडा लहान राहण्यामागे हेही कारण आहे, आणि मला ते काम मोठं वाटतं.

तरी लगेच होकार देऊ नकोस. प्रयोगशाळेत जाऊन मिशीचे विद्युतसंकेत टिपणारं ईएजी यंत्र चालू आहे की झाकून ठेवलंय ते स्वतः बघ. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना एकट्यात गाठून विचार: प्रबंध किती वर्षांत झाला, आणि पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागलं?